अक्कांचा गोरिला

गोरिला पाहायचा होता अक्कांना. माझं म्हणाल, तर मला घरातली पालसुद्धा दुरून पाहायला आवडते. तरी शेवटी तो पाहिला मी, आणि अक्कांनी नाही. हे कसं झालं ते नीट लिहून काढते आहे, कारण जळगावात ही गोष्ट आता निरनिराळ्या तऱ्हांनी फिरते आहे आणि त्यातल्या एका तऱ्हेत तर मी गोरिलाला स्वतःच्या हातानं केळं भरवलं आहे. मी कोणाला काहीही भरवलेलं नाही.

अक्का म्हणजे माझ्या नणंदबाई, आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. वरणगावच्या फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी झाली. काम तपासणीचं. तयार झालेलं काडतूस बोटांत फिरवून पाहायचं, जरा खोट दिसली की बाजूला टाकायचं. लग्न त्यांनी केलं नाही. आलेली स्थळंही बहुधा तशीच फिरवून पाहिली असावीत. निवृत्त झाल्यावर गुडघ्यानं दगा दिला, म्हणून त्या टीव्हीसमोर बसायला लागल्या, आणि तिथं त्यांना गोरिला भेटला.

"सुनंदा, याच्याकडे पाहा," त्या मला म्हणायच्या. "माणसासारखा दिसतो, आणि बडबड करत नही."

हे बोलताना त्या माझ्याकडे का पाहायच्या, ते मी कधी विचारलं नाही.

आमचा निलेश ठिबक सिंचनाच्या कामावर काँगो देशात आहे, राजधानीच्या गावी, ब्राझाव्हिलला. जिथं बारा महिने आभाळ गळतं तिथं ठिबक कशाला, असं जळगावात सगळेच विचारतात. निलेशनं ते मला दोनदा समजावून सांगितलं आहे. दोन्ही वेळा मला पटलं आणि दोन्ही वेळा मी विसरले. तर एकदा फोनवर तो सहज म्हणाला, "आई, इथून वर उत्तरेला मोठं अभयारण्य आहे. तिथं गोरिला दाखवतात." फोन स्पीकरवर होता. आणि अक्का आमच्याकडे भरताची वांगी घेऊन आलेल्या होत्या. त्या क्षणानंतर जायचं की नाही हा प्रश्न उरला नाही, कधी जायचं एवढंच उरलं.

खरं तर सोबतीला जायचं होतं आमच्या ह्यांना. पण ह्यांना साप चालत नाही. चित्रातला पण नाही. काँगोच्या जंगलात कोणकोणते साप असतात हे त्यांनी मोबाईलवर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला फार प्रेमानं म्हणाले, "तू जा. तुला फिरायची हौस आहे." माझी हौस तोवर एका बाजूला अजिंठ्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला उज्जैनपर्यंत पोचली होती. सहकारी बँकेत कारकुनी केलेली बाई मी. पण अक्कांपुढे "मी येत नाही" म्हणायची पद्धत आमच्या घरात नाही. सुया टोचून घेतल्या, हिवतापाच्या गोळ्या घेतल्या, आणि फेब्रुवारीत निघालो.

ब्राझाव्हिल

उन्हाची आम्हाला भीती नव्हती. जळगावचा मे महिना काढलेल्या माणसाला ऊन नवं नसतं. पण तिथलं ऊन ओलं. मी धुतलेला परकर निलेशच्या गॅलरीत दोन दिवस वाळत होता, आणि काढला तेव्हा टाकला त्याहून ओला होता. आपल्याकडे ऊन डोक्यावर मारतं. तिथलं ऊन अंगावर बसतं आणि उठत नाही.

निलेश आम्हाला बाजारात घेऊन गेला. केळ्यांचे ढीग पाहून अक्कांचा चेहरा एकदम माहेरी आल्यासारखा झाला. आमच्या भागातल्या माणसाला केळ्यातलं कळतं, निदान आम्हाला तसं वाटतं. अक्कांनी एक चांगलं जाडजूड, पिवळसर केळं उचललं, बोटांत फिरवलं, पास केलं, सोललं आणि चावा घेतला. मग त्या नुसत्या उभ्या राहिल्या. ते भाजीचं केळं होतं. विकणारी बाई इतकी हसली की शेजारची मासळीवालीसुद्धा पाहायला आली.

"मामा, माफ करा," निलेश त्या बाईला म्हणाला.

अक्कांनी तोंडातला घास कसाबसा गिळला. "अरे, बाईले मामा काय म्हणतो?"

"आत्या, इथं आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला मामा म्हणतात."

"आणि खऱ्या मामाले?"

"तोंतों."

अक्कांनी यावर थोडा विचार केला आणि माझ्याकडे वळल्या. "मंग चला मामा, घरी चला." पुढचे सगळे दिवस मी मामा होते.

त्याच बाजारात पानात गुंडाळलेली पांढरी वळकटी मिळाली. रोजचं जेवणच ते तिथलं, आपल्याकडे भाकरी तसं. निलेश म्हणाला, ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा करतात, त्याच कंदाचं हे. अक्कांची त्या दिवशी चतुर्थी होती. साबुदाण्याचा भाऊ म्हटल्यावर त्यांना फारच बरं वाटलं. संध्याकाळी त्यांनी तो भाऊ खाल्ला. आंबूस, आणि दाताखाली खोडरबरासारखा. मी विचारलं, "कसं आहे?" अक्का बराच वेळ चावत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "उपवास म्हणजे काय ते आज समजलं."

सांघा नदीच्या काठी

निलेशला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. तिथून छोटं विमान, मग जीप, मग लाकडी होडी. ते वर्णन करत बसत नाही. बसून बसून काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

नदी मात्र सांगायला हवी. माझं माहेर भडगावचं. गिरणेला पाणी सुटलं की आमचं गाव पुलावर पाहायला जमतं. इथं सांघा नदीला इतकं पाणी, आणि पाहायला कोणी नाही. दोन्ही काठांना झाडांची भिंत. आमच्या सातपुड्यात झाडं एकमेकांपासून जरा अंतर राखून उभी असतात, सभ्य माणसांसारखी. इथं झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळ, आणि त्यावरही काहीतरी फुललेलं. मधूनच राखाडी पोपटांचा थवा शिट्ट्या मारत डोक्यावरून जायचा. अक्का होडीत ताठ बसून होत्या, गुडघ्याला पट्टा, हातात काठी, डोक्यावर आमच्या ह्यांची टोपी. त्या हसत होत्या. कोणाला पाहून नव्हे, उगाचच. अक्कांना असं उगाचच हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मुक्कामाच्या जागी खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्या होत्या. आमचा वाटाड्या सेर्ज, तिशी-पस्तिशीचा, इंग्रजी बोलणारा. माझं इंग्रजी बँकेतलं, म्हणजे लिहिता येतं, बोलायला लागलं की घाम येतो. अक्कांचं इंग्रजी फॅक्टरीतलं. त्यात फार तर दहा-पंधरा शब्द, पण सगळे हुकमी. 'डेंजर', 'रिपोर्ट', 'नॉट अलाउड'. सेर्जला माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त समजायचं.

स्वयंपाकघर क्लारिस नावाच्या भरभक्कम बाईंच्या ताब्यात होतं. अर्थात मामा क्लारिस. त्यांनी अक्कांना पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "कोको!"

"कोको म्हणजे आजी," सेर्जनं सांगितलं. "मानानं म्हणतात."

अक्का खूश झाल्या. रात्रीच्या जेवणात दाण्याच्या रश्शात शिजवलेली बारीक चिरलेली रानभाजी आली. चव अगदी आपल्या घरची म्हणावी अशी. अक्कांनी नाव विचारलं.

"कोको," मामा क्लारिस म्हणाल्या.

"आजीलेही कोको आणि भाजीलेही कोको?" अक्का मला म्हणाल्या. "कोणाले कढईत टाकायचं ते यांना बरोबर समजतं ना, ते विचार."

जेवणानंतर सेर्जनं नियम सांगितले. तोंडाला मास्क. अंतर राखायचं. बोट दाखवायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. नर अंगावर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं. आणि ज्याला सर्दी, खोकला, ताप असेल त्यानं जायचं नाही. माणसाची साधी सर्दी गोरिलांना सोसत नाही, तो म्हणाला. आपण दोन दिवस शिंकतो आणि बरे होतो. त्यांचं अख्खं कुटुंब जाऊ शकतं.

अक्का मान हलवत ऐकत होत्या. त्यांना ते फार पसंत पडलं. "बरोबर आहे. आमच्या गेटवरही असंच. खिशात काडेपेटी सापडली की घरी. साहेब असो की मजूर."

आमच्या वाट्याला एकच सकाळ होती. पुढच्या दिवसांवर दुसरे प्रवासी होते.

त्या सकाळी मला जाग आली ती पांघरुणात दाबलेल्या एका आवाजानं.

"अक्का?"

"झोप."

पुन्हा तोच आवाज.

"अक्का, शिंकताय?"

"धूळ गेली नाकात."

त्या जंगलात धूळ औषधालासुद्धा नव्हती. पण मी कूस बदलली. अक्का उठल्या, सुंठेचं गरम पाणी प्यायल्या, ओव्याची पुरचुंडी हुंगली, नाक पुसलं, केस विंचरले, आणि जणू काही झालंच नाही अशा बाहेर आल्या. डोळे लाल होते. ब्राझाव्हिलच्या घरातला एसी, नदीवरचा वारा, काय बाधलं कोण जाणे.

सेर्जनं कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावलं. ताप नव्हता. मग तो विचारू लागला, खोकला? सर्दी? मी म्हणाले, "नो." अक्काही म्हणाल्या, "नो." फार आखूड होतं ते 'नो'. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. गोरिलांचं भलं व्हावं असं मला वाटत होतं, पण टीव्हीसमोर गुडघा चोळत बसलेल्या अक्काही मला दिसत होत्या. इतक्या लांब आलो आम्ही. बोलायचं तर मी बोलायचं का? आणि अक्कांच्या विरुद्ध? मी बुटाची नाडी पुन्हा बांधत बसले.

पायवाट सुरू होते तिथं औषधाच्या पाण्याचं एक घमेलं होतं. त्यात बूट बुडवायचे, हातावर फवारा घ्यायचा, मास्क खिशात ठेवायचा. पुढं माग काढणारा मोबांझा उभा होता. तिथल्या जंगलातच राहणाऱ्या लोकांपैकी, बुटका, अंगानं काटक, डोळे सतत हसरे. अक्कांनी बूट बुडवले. हात पुढं केले. फवारा घेतला. चार पावलं चालल्या आणि थांबल्या.

"कोको, गुडघा?" सेर्जनं विचारलं.

अक्कांनी काठी जमिनीत रोवली. "नॉट अलाउड," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मी. नोज. नॉट अलाउड." आणि मग आपल्या भाषेत, कोणाला उद्देशून ते समजलं नाही, "तपासणाऱ्यानंच खोटा माल पास केला तर काय राहिलं मंग?"

सेर्जला पुढचं समजलं नसणार. पण त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तसाच उभा राहिला.

मी पटकन म्हणाले, "मग आपण दोघी परत जाऊ, अक्का. मला काही एवढं नाही." माझ्या आवाजात जरा जास्तच आनंद उतरला असावा.

"तू काहून? तुझं नाक वाहतं का?"

"नाही, पण..."

"मंग जाय. आणि नीट पाहा. मले सारं पाहिजे. अर्धवट चालणार नही."

एवढं बोलून त्या वळल्या आणि काठी टेकत निघाल्या. मागं पाहिलं नाही. वळणावर झाडीआड गेल्या आणि मग सकाळपासून अडवून धरलेली ती शिंक एकदाची सुटली. वरच्या फांदीवरची पाखरं उडाली. सेर्ज हसला नाही. मीही नाही.

जंगलात

आता माझं सांगते. पुढं मोबांझा, मागं सेर्ज, मधे मी. आत इतका काळोख की सकाळ आहे की तिन्हीसांज ते समजू नये. पायाखाली मुळं, चिखल, आणि चिखलाच्या खाली पाणी. घाम प्यायला येणाऱ्या बारीक माश्या डोळ्यांत, कानांत, नाकात. त्या चावत नाहीत, फक्त आत येतात. एका ओहोळात पाणी मांडीपर्यंत आलं, पाय रुतला, आणि पाय वर आला तेव्हा त्यात बूट नव्हता.

घाबरले की मी बँक, जळगाव, प्रमाण भाषा सगळं विसरते आणि थेट भडगावच्या अहिराणीत जाते. "अय माय! हाई काय शे!" मी ओरडले.

मोबांझानं खांद्यापर्यंत हात घालून बूट काढला, उलटा केला, आतलं पाणी ओतलं. त्यातून एक चिमुकला बेडूकही पडला. मग बूट माझ्या हातात देत, अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात तो म्हणाला, "अय माय! हाई काय शे!"

त्यानंतर वाटेत मूळ आलं, खड्डा आला, मुंग्यांची काळी रांग आली की तो मागं वळायचा, बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "हाई काय शे." मी जपून पाय उचलायची. आमची भाषा एवढ्या लांब जाऊन इतक्या उपयोगी पडेल असं माहेरी कोणालाही खरं वाटलेलं नाही.

बरंच चालल्यावर त्यानं हात वर केला. जिभेनं टाळ्याशी टक् टक् आवाज काढला. आम्ही येतोय, घाबरू नका, असा त्याचा अर्थ, सेर्ज कुजबुजला. मास्क लावले. आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली.

चष्मा घातला तर धुकं. काढला तर सगळं हिरवं-काळं पुसट. समोर पानं मोडल्याचा आवाज येतोय, कोणीतरी खाकरतंय, आणि मी ओढणीच्या टोकानं काचा पुसते आहे. एवढा प्रवास, एवढे मुक्काम, आणि मला दिसतंय काय, तर वाफ. अक्कांना सांगणार काय? 'नीट पाहा' म्हणाल्या होत्या त्या. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात सेर्जनं स्वतःच्या नाकावर मास्कची पट्टी दाबून दाखवली. मी दाबली. काचा हळूहळू मोकळ्या झाल्या.

आमच्या घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत असेल तेवढ्या अंतरावर तो बसला होता. आमच्याकडे पाठ. रुंद, राख फासल्यासारखी पांढुरकी पाठ. टीव्हीत तो काळा दिसतो. तसा नाही. डोक्यावर तांबूस झाक आहे, मेंदी लावलेल्या एखाद्या आबांसारखी. आणि तो काय करत होता? भाजी निवडत होता! एक देठ ओढायचा, दातांनी साल काढायची, आतलं कोवळं खायचं, जून भाग मागं टाकायचा. घाई नाही. मी मेथी निवडते त्याहून नीट. मग त्यानं कूस बदलली आणि भला मोठा वारा सोडला. वरण-बट्टीचं जेवण झाल्यावर आमच्या घरात ऐकू येतो तसाच. मला मास्कच्या आत हसू फुटलं.

तो वळला.

डोळ्याला डोळा भिडवायचा नाही हे मला माहीत होतं. पण त्यानंच पाहिलं हो. रागानं नाही. लग्नाच्या मांडवात एखादे म्हातारे नाना 'ही कोणाकडची?' म्हणून पाहतात ना, तसं. मुलाकडची की मुलीकडची? मी खाली पाहायला विसरले. मग तो एकदम उठला, एक कोवळं झाड मुठीत धरून कडकडा हलवलं आणि आमच्या दिशेनं धावत आला. थोडाच, पण माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. मी खाली बसले नाही, मी पडले. चिखलात, बसकण मारून. सेर्जचा हात खांद्यावर होता. मी डोळे मिटले आणि घरचे, दारचे, सगळे देव आठवले. उघडले तेव्हा तो पुन्हा आपल्या भाजीकडे गेला होता. मी कोणाकडचीही नव्हते, हे त्याला पटलं असावं.

मग झुडपातून एकेक जण निघाले. दोन लहान पोरं एकमेकांच्या पायात पाय अडकवून लोळत गेली. पोटाशी पिल्लू धरलेली एक आई गेली. पुढं ओहोळ होता. सगळे तो ओलांडून गेले, तो मोठा मात्र अलीकडच्या काठावर बसला. का बसला ते मला कळेना. मोबांझानं हळूच मागं खूण केली.

मागून एक म्हातारी येत होती. तिचा एक पंजा नव्हता. तारेच्या फासात गेलेला, सेर्ज कुजबुजला, फार वर्षं झाली. मनगटाच्या टोकावर भार देत, थांबत, पुन्हा निघत ती चालली होती. तो बसून राहिला. तिच्याकडे पाहतही नव्हता, उगाच एक काडी चावत होता. ती आली, पाण्यात उतरली, पलीकडं गेली. मग तो उठला आणि तिच्या मागून गेला.

पानं हलली, थांबली. संपलं. मोबाईलमधले फोटो मी नंतर पाहिले. एकात पानं होती, एकात माझा अंगठा.

परत आले तेव्हा अक्का स्वयंपाकघरापासून लांब, झाडाखाली खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून बसल्या होत्या आणि तिथूनच कारभार चालवत होत्या. निखाऱ्यावर वांगी भाजली जात होती.

"देठ धर, देठ! देठ काढू नको, मामा!" अक्का ओरडत होत्या. मामा क्लारिसना एक अक्षर समजत नव्हतं, पण त्या मान डोलवत आपल्या पद्धतीनं बरोबर तेच करत होत्या. भरीत झालं. हिरवी मिरची तिथली, आणि ती आपल्या मिरचीची आजी निघाली. शब्दशः कोको.

"बस," अक्का मला म्हणाल्या. "सांग."

मी सांगायला लागले. गोरिला होता, मोठा होता, पाला खात होता, मग उठला.

"हे काय? बँकेचा हिशेब वाचतेस का? केवढा? बसला कसा? चालला कसा?"

"चालला... हात टेकून."

"तळवा टेकून की बोटं मिटून?"

"बोटं मिटून. म्हणजे अशी..."

बसल्या जागी ते दाखवता येईना. मी उठले. साडी नव्हती अंगावर, पंजाबी ड्रेस होता, तो चिखलानं आधीच गेलेला. मी जमिनीवर मुठी टेकल्या, कंबर उचलली आणि चालून दाखवलं. आयुष्यात मी कधी नाटकात काम केलेलं नाही. वार्षिक सभेत आभार मानायचे होते तेव्हाही मला ताप आला होता. पण तिथं मी त्या अंगणभर चालले. मोबांझा आला, त्यानं माझा खांदा खाली दाबून चाल सुधारली. मग मी पाला निवडून दाखवला, वारा सोडल्याचं दाखवलं, झाड हलवून दाखवलं. मामा क्लारिस मांडीवर थापा मारत होत्या. मोबांझानं, मी चिखलात कशी पडले ते "अय माय"सकट करून दाखवलं. अक्का मास्क धरून हसत होत्या, खोकत होत्या, डोळे पुसत होत्या.

म्हातारीचं मात्र मी चालून दाखवलं नाही. ते मी खाली बसून, सावकाश सांगितलं.

अक्का ऐकत राहिल्या. निखारे विझत आले होते, नदीवर संध्याकाळचा उजेड होता.

"पोचली का ती पलीकडं?" त्यांनी विचारलं.

"पोचली."

"आणि तो थांबला होता."

"हो."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि नाक पुसून भरीत वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला हत्ती पाहायला नेलं. जंगलाच्या मधोमध मोकळं दलदलीचं मैदान, कडेला उंच मचाण. तिथून प्राणी पुष्कळ लांब, म्हणून मास्क लावून अक्कांनाही परवानगी होती. मोबांझानं आणि सेर्जनं त्यांना हाताला धरून मचाणावर चढवलं. गोल कानांचे, सरळ सुळ्यांचे ठेंगणे हत्ती चिखलात सोंडा खुपसून क्षार पीत होते. रानडुकरं होती, तीही आपल्याकडच्या कापसाच्या बोंडासारखी पांढरी शेंडी असलेली, अंगानं लालभडक. पाहून डोळे निवावेत असं दृश्य. मी अक्कांकडे पाहिलं.

"हत्ती बरे आहेत," अक्का म्हणाल्या.

वरणगाव

परत आल्यावर पहिल्याच रविवारी अक्कांच्या घरी त्यांच्या फॅक्टरीतल्या जुन्या मैत्रिणी जमल्या. मी आणि हे जळगावहून गेलो होतो. चहा झाला, ज्वारीच्या बिबड्या तळल्या, आणि अक्कांनी गोष्ट सुरू केली.

काय सांगितली त्यांनी! चिखल सांगितला, माश्या सांगितल्या, बुटातला बेडूक सांगितला. बेडूक आता चांगला वाटीएवढा झाला होता. गोरिला दरवाजाएवढा होता. त्याची पाठ, त्याचं भाजी निवडणं, सगळं जिथल्या तिथं. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. ह्यांचाही चहा थंड झाला. मला हेवा वाटण्याऐवजी गंमत वाटत होती. मी पाहिलं ते अक्का माझ्यापेक्षा नीट सांगत होत्या. ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं की पुढं अक्काच होत्या आणि शिंकत मागं फिरले ती मी.

"मग तो वळला," अक्का म्हणाल्या. "असा वळला. आणि त्यानं पाहिलं."

"तुमच्याकडे?" एकीनं विचारलं. "काय हो अक्का, कसं पाहिलं?"

अक्कांचं तोंड उघडं होतं. वाक्य तयार होतं, मला दिसत होतं ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे, आणि कप खाली ठेवला.

"सुनंदा, इथून पुढं तू सांग," त्या म्हणाल्या. "मी काही तिथं नव्हते."